विनंती थांबा

फाटकाला वनखात्याचं कुलूप आहे,
पण बाजूच्या चिऱ्यांमधून माणूस आडवं होऊन जातं.
मी जाते, पहाटे पावणेसहाला,
पुतणीच्या जुन्या बुटांत,
ओढणीची गाठ कमरेला मारून.

पाटीवर लिहिलंय, रस्ता वाहतुकीस बंद.
मी वाहतूक नाही.
एकोणीस वर्षं मी ह्या रस्त्यावर वाहक होते,
राजापूर आगार, बिल्ला नंबर तीन हजार बारा,
आणि रस्ता म्हणून मला ठाऊक होते
ते फक्त धक्के.
कुठल्या वळणाला दांडा धरायचा,
कुठे चिल्लर मुठीत आवळायची,
कुठे पोरं हमखास ओकायची.
बाहेर बघणं हे तिकीट काढलेल्यांचं काम.

मग दरड आली, खाडीवर पूल झाला,
गाडी पुलावरून गेली ती गेलीच.
डांबराला भेगा पडल्या, भेगांत टाकळा,
टाकळ्यामागून कुड्याची रोपं,
आणि मैलाच्या दगडावरचा आकडा
शेवाळाने आपल्या अक्षरात लिहून काढला.

एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर.
तेवढंच पळते. तीन जायचे, तीन यायचे.
डॉक्टर म्हणाले होते, चाला.
चालताना विचार येतात.

पहिला चढ गुडघ्यांना विचारून.
सुरंगी दिसायच्या आधी वास येतो,
वळणाच्या बराच अलीकडे.
इतकी वर्षं हा वास
डिझेल आणि सुक्या बांगड्यांच्या टोपल्यांखाली
दबून बसला होता.
डोक्यावरून धनेश जातो,
भात्यासारखे पंख वाजवत.
मी मान वर करत नाही, श्वासाची मोजणी चुकते.

पुढे झाडं बाजूला होतात.
खाली खाडी, खाडीच्या टोकाला
पट्टीएवढा समुद्र.
हा तेव्हाही इथेच होता?
कुणी बोललं नाही कधी.

गावात हसतात.
बुधाजी तरळ टपरीतून ओरडतो,
"बाय, गाडी चुकली काय गो तुझी?"
मीही हसते.
ते हसू तिसऱ्या वळणापर्यंत पुरत नाही,
कारण तिथे सदा गोणबरे पळत आला होता,
दोन्ही काखांत एकेक फणस,
म्हणून हात करता येईना.
नुसतं तोंड उघडं.
मागच्या काचेत मला तो सबंध दिसत होता.
अकरा मिनिटं उशीर झालेला.
ड्रायव्हरने आरशातून विचारलं,
मी दोरी ओढली.
दोनदा.

फणस त्याने टाकले नाहीत.
लहान लहान होत गेला, फणसांसकट.

पळणाऱ्याच्या बरगडीत काय होतं
ते वाहकाला शिकवत नाहीत.

तिथला खांब अजून आहे, वाकलेला.
पाटीवरची 'विनंती' गंजाने खाल्ली,
'थांबा' तेवढं राहिलंय.
आज त्याच्याखाली गवा उभा होता,
चारी पायांत पांढरे मोजे,
शाळेला निघाल्यासारखा.

मी थांबले.
माझा श्वास मलाच मोठा ऐकू येत होता,
त्यालाही येत असणार.
कुठे जायचंय, असं जिभेवर आलं होतं.
सवय. पण आता तो माझा अधिकार नाही.
घाम थंड पडला,
बुटाची नाडी सुटली होती, वाकायची हिंमत झाली नाही.
मग तो आपणहून डांबर ओलांडून
करवंदीच्या जाळीत उतरला,
फांद्या बराच वेळ मिटत राहिल्या.

नाडी बांधली.
दरडीपर्यंत अजून चारशे पावलं.
निघताना जीभ टाळूला दोनदा लागली, टण् टण्,
आणि मी मागे वळून पाहिलं.
काच नव्हती मधे.
रस्ता होता, धुकं होतं,
कुणी येत असेल तर येऊ दे.
मी काही फार जोरात पळत नाही.